बाजूला बसलेल्यांनी सांगितलेली गोष्ट

१९१७ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘लंकादहन’ गिरगावातल्या वेस्ट एंड सिनेमात लागला. पडद्यावर राम आला की प्रेक्षक पायातल्या वहाणा काढत, असं त्या दिवसांबद्दल सांगतात. तो राम म्हणजे अण्णा साळुंके. आणि लंकेत त्याची वाट पाहत बसलेली सीता? तीही अण्णा साळुंकेच. हा माणूस मूळचा ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहातला आचारी. महिना दहा रुपये पगार होता. फाळक्यांनी पंधरा देऊ केले आणि १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये त्याला तारामती केलं, कारण त्या कामाला बाई मिळेना. चार वर्षांनी त्याच्या वाट्याला राम आणि सीता दोघंही आले. विरहात झुरणारा तोच, आणि ज्याच्यासाठी झुरायचं तोही तोच. सीतेचे दंड जरा जास्तच पिळदार होते म्हणे. वहाणा काढणाऱ्यांना ते दिसले नसतील असं मला वाटत नाही. त्यांनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.

ही सवय मराठी प्रेक्षकाच्या अंगात चांगली मुरलेली आहे. या लेखाचा विषय मात्र तिच्या नेमका उलट दिशेनं जातो. इथं लिहिणारा, खरं तर बहुतेक वेळा लिहिणारी, समोर दाखवलेलंच नाही ते पाहते, आणि पाहिलं ते लिहून काढते.

एखादी मालिका, कादंबरी किंवा सिनेमा संपतो आणि त्यातली माणसं काही डोक्यातून जात नाहीत. मग चाहता ती माणसं उसनी घेतो आणि पुढची गोष्ट लिहितो, किंवा मधली, किंवा मूळ लेखकानं टाळलेली. पैसे मिळत नाहीत. नाव बहुधा टोपण असतं. याला फॅनफिक्शन म्हणतात. त्यातला सर्वांत गाजलेला, आणि सर्वांत शिव्या खाल्लेला, प्रकार म्हणजे मुळात मित्र, सहकारी किंवा हाडवैरी म्हणून आलेल्या दोन पुरुषांची प्रेमकथा. १९७४ साली ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या चाहत्यांनी काढलेल्या एका पत्रिकेत डायान मर्चंट या ऑस्ट्रेलियन लेखिकेची एक छोटी गोष्ट आली. दोन पुरुषांचा प्रणय, आणि दोघांपैकी एकाचंही नाव नाही. वाचणाऱ्यांना नावाची गरज नव्हती; कर्क आणि स्पॉक त्यांनी ओळखले. पुढे या दोन नावांच्या मध्ये तिरकी रेघ मारायची पद्धत पडली आणि त्या रेघेवरून अख्ख्या प्रकाराला ‘स्लॅश’ म्हणू लागले. त्याच दशकात जपानमध्ये केइको ताकेमिया, मोतो हागिओ या चित्रकथाकार बायका मुलींच्या मासिकांतून दोन मुलग्यांच्या प्रेमाच्या कथा काढत होत्या. दोन टोकांच्या दोन देशांत, एकमेकींची खबर नसताना, बायका दोन पुरुषांवर लिहायला बसल्या होत्या.

का, याचं उत्तर अनेकांनी दिलंय. जोआना रस या विज्ञानकथा लिहिणाऱ्या स्त्रीवादी लेखिकेनं १९८५ साली या कथांची बाजू घेतली. हेन्री जेंकिन्स यांनी १९९२च्या आपल्या पुस्तकात चाहत्यांच्या लेखनाचा सविस्तर अभ्यास मांडला. पंडिती भाषा बाजूला ठेवली तर मला पटणारं कारण साधं आहे: प्रेमकथेत एक बाई आणि एक पुरुष घातले की कोण कुणाची वाट पाहणार, कोण नोकरी सोडणार, पाहुणे आले की चहा टाकायला आत कोण जाणार, हे लिहिण्याआधीच ठरून गेलेलं असतं. दोन पुरुष घातले की ते ठरलेलं नसतं. लिहिणारीला ते नव्यानं ठरवावं लागतं, आणि त्या ठरवण्यात तिला मजा येते. शिवाय बरेच दिवस पडद्यावर धडपणे लिहिलेली पात्रं पुरुषांचीच असत. नायिका गाण्यापुरती आणि किंचाळण्यापुरती. जीव लावण्यासारखं कुणी असेल तर ते ते दोघेच.

आता आक्षेप. ‘हे आपल्याकडचं नाही, हे सगळं मोबाइलनं आणलं.’ त्याला ताबडतोब दिलं जाणारं उत्तरही ठरलेलं: ‘आपल्या परंपरेत सगळं होतंच.’ मला दोन्ही उत्तरं आळशीपणाची वाटतात. पहिलं खोटं आहे आणि दुसरं अर्धं.

उसन्या पात्रांवर लिहिण्याची गोष्ट घ्या. जात्यावर बसलेल्या बायकांनी रामायण वाल्मीकीचं म्हणून ठेवलं नाही. सीतेचा वनवास त्यांनी आपल्या बाजूनं गायला; रामाला त्यात सोडलेलं नाही, सासरच्यांना तर नाहीच. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्यातल्या रामायणाच्या ओव्या वाचल्या की फॅनफिक्शन हा शब्द परका वाटेनासा होतो. लिंग बदलून बोलण्याची गोष्ट घ्या. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांत बोलणारी विरहिणी आहे, आणि ज्याच्यासाठी ती तळमळते तो पुरुष आहे. लिहिणाराही पुरुष. एकनाथांच्या गौळणींतही तेच. पेशवाईतल्या शाहिरांनी बाईच्या तोंडची शृंगाराची लावणी लिहिली, ती बाईचा वेश घेतलेल्या पोऱ्यानं नाचून दाखवली, समोर बसलेले सगळे पुरुष. साधन म्हणून हे सारं आपल्याकडे होतं यात शंका नाही. पण त्यातून दोन पुरुषांचं प्रेम म्हणून कुणी काही पाहत होतं का? तिथं ‘सगळं होतंच’वाल्यांनी जरा थांबावं. अट असायची. साडी असली पाहिजे, किंवा देव असला पाहिजे.

ही अट सगळ्यात लख्ख दिसते ती ८ जुलै १९२१च्या रात्री, मुंबईत. टिळक स्वराज्य फंडासाठी दोन नाटक कंपन्या एकत्र आल्या आणि बालीवाला थिएटरात कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘मानापमान’ झालं. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले. एक गंधर्व नाटक मंडळीचा मालक-नट, दुसरा ललितकलादर्शचा. धंद्यात एकमेकांचे प्रतिस्पर्धी. गावात एकाचं नाटक लागलं की दुसऱ्याच्या तिकीटविक्रीची काळजी. वय एकाचं तेहतीस, दुसऱ्याचं एकतीसला आलेलं. आणि एक बारीक गोष्ट, जी त्या रात्रीच्या आठवणी सांगताना सहसा सुटते: केशवरावांनीही पोरवयात ‘शारदा’ केली होती. म्हणजे साडी नेसून नाव कमावलेले दोन पुरुष समोरासमोर, त्यातल्या एकानं आता कमरेला तलवार लावलेली. नाटकाची कथा तर गुंत्यावर गुंता. भामिनी श्रीमंतीच्या तोऱ्यात धैर्यधराचा अपमान करते, मग वनमाला होऊन त्याच्यासमोर येते, आणि तो त्या वनमालेवर भाळतो. पुरुष बाई झालेला, ती बाई दुसरी बाई झालेली, आणि तिच्यावर जीव टाकणारा पुरुष स्वतः एके काळी बाई झालेला. आज फॅनफिक्शन लिहिणाऱ्या कुठल्याही मुलीला हा मालमसाला दाखवा. ‘वैरी ते प्रियकर’ या तिच्या आवडत्या खणात ती तो पटकन ठेवून मोकळी होईल.

तेव्हाच्या प्रेक्षकांनी काय पाहिलं? दोन गळ्यांची झुंज पाहिली. कोण चढलं, कोण कुणाला पुरून उरलं, याच्या चर्चा पुढे कितीतरी वर्षं पुरल्या. केशवराव तीनच महिन्यांत, ऑक्टोबरमध्ये, विषमज्वरानं गेले, त्यामुळे त्या रात्रीला दंतकथेची झिलई चढली. बायकांनी भामिनी पाहिली, आणि तिच्यासारखं नेसायचं कसं, गजरा माळायचा कसा, हे पाहिलं. बालगंधर्व म्हणजे नारायणराव राजहंस नावाच्या पुरुषानं महाराष्ट्रातल्या पांढरपेशा बायकांना बाईपण शिकवलं, हे आपण कौतुकानं सांगतो; त्यातला विलक्षणपणा आपल्याला बोचत नाही. कारण अट पाळली गेली होती. नऊवारीनं सगळ्यांची सोय केली होती.

१ जुलै १९३३ला नाट्यमन्वंतरनं ‘आंधळ्यांची शाळा’ आणलं, ज्योत्स्ना भोळे, पद्माबाई वर्तक रंगमंचावर आल्या, आणि साडीतल्या पुरुषाची गरज संपली. तो गेला मात्र नाही, विनोदी नाटकात गेला. अत्र्यांनी ‘चार्लीज आंट’वरून ‘मोरूची मावशी’ केलं. लालबागमध्ये वाढलेल्या विजय चव्हाणांनी १९८०च्या दशकात ती मावशी अशी काही उभी केली की पुढे त्यांनी काहीही केलं तरी लोकांनी त्यांना मावशीच म्हटलं. आणि १९८८ साली ‘अशी ही बनवाबनवी’. कथा सगळ्यांना पाठ आहे: राहायला जागा नाही, घरमालकीण जोडप्यांनाच खोली देणार, म्हणून चौघांतले दोघे लुगडं नेसतात. सचिनची सुधा, लक्ष्मीकांत बेर्डेंची पार्वती. महाराष्ट्रात असं घर विरळा जिथं हा सिनेमा दहादा पाहिलेला नाही. आता जरा विचार करून सांगा, गेल्या चाळीस वर्षांत मराठी माणसाचं सर्वांत लाडकं नवराबायकोचं जोडपं कोणतं? माझ्या मते धनंजय माने आणि पार्वती. ते भांडतात, एकमेकांना सांभाळून घेतात, डोहाळ्यांचं नाटकही निभावतात, आणि ते दोघे पुरुष आहेत हे तीन वर्षांच्या पोराला माहीत असतं. गंमत म्हणजे सिनेमा स्वतः १९६६च्या ‘बीवी और मकान’वरून बेतलेला, म्हणजे तोही उसन्या पात्रांचाच. इथंही अट आहेच, फक्त बदललेली: आता देवाच्या जागी हशा.

हशावरून परळच्या दामोदर हॉलची आठवण काढायला हवी. १९२२ साली उघडलेलं हे गिरणगावाचं हक्काचं नाट्यगृह होतं. कोकणातून आलेल्या चाकरमान्यांची नमनं आणि जाखडीचे शक्ती-तुऱ्याचे सामने इथं पिढ्यान् पिढ्या रंगले. नमनात गण झाला की गवळण येते, आणि गवळणीत मावशी. जुन्या पद्धतीत मावशी पुरुषच. डोक्यावरून पदर, आवाज मुद्दाम चिरका, मनगटं कामगाराची. कृष्ण गौळणींची वाट अडवतो तेव्हा ही मधे पडते, पेंद्याशी हुज्जत घालते, गौळणींना दटावते, आणि मधेच प्रेक्षकांकडे वळून गावातल्या सरपंचाला किंवा मुंबईतल्या पाणीकपातीला टोला हाणते. कृष्णाची गोष्ट भागवतातली. मावशीचं बोलणं त्या त्या मंडळाचं, त्या त्या वर्षीचं. प्रेमाच्या खेळात तिला वाटा नाही. ती बाजूला उभी राहून तो खेळ पाहते, अडवते, लोकांना समजावते. या मावशीला जरा लक्षात ठेवा, कारण पुढे तिचीच गरज लागणार आहे.

हशा आणि देव या दोन्ही अटी बाजूला सारून पहिल्यांदा थेट लिहिलं ते सतीश आळेकरांनी. ‘बेगम बर्वे’, १९७९, थिएटर ॲकॅडमी, पुणे. बर्वेची भूमिका चंद्रकांत काळे करत. बर्वे हा संगीत नाटकाच्या उतरत्या काळातला बारीकसारीक कामं करणारा नट. भामिनी, सिंधू, रुक्मिणी त्याच्या वाट्याला कधी आल्याच नाहीत. आता तो उदबत्त्या विकतो आणि श्यामराव नावाच्या दांडगटाच्या मुठीत राहतो. पण डोक्यात नाट्यपदं चालूच. तिकडे एका खोलीत जावडेकर आणि बावडेकर हे दोन अविवाहित कारकून राहतात आणि कचेरीतल्या नलावडेबाईंची स्वप्नं पाहतात. आळेकरांनी काय केलं, तर एकाच्या स्वप्नाचं दार दुसऱ्याच्या स्वप्नात उघडून दिलं. बर्वे कारकुनांच्या खोलीत शिरतो तो नलावडेबाई होऊन. लग्न लागतं, दिवस जातात. आणि मग श्यामराव येऊन सगळं ओरबाडून काढतो.

फॅनफिक्शनवर मराठीत लिहिलं गेलेलं सर्वांत खोल पुस्तक हे नाटक आहे, असं माझं मत आहे. आळेकरांच्या डोक्यात तो शब्द असण्याचं कारण नाही. बर्वे हा चाहता आहे. त्याला बालगंधर्वांची गाणी म्हणायची नाहीत, त्या गाण्यांत जाऊन राहायचंय. आणि ते दोन कारकून? त्यांना बाई हवी आहे असं ते म्हणतात, पण नाटकभर त्यांचा संसार एकमेकांशीच चाललेला असतो: एकाच खोलीत, एकाच स्टोव्हवर, एकमेकांच्या सवयी सोसत. नलावडेबाई हे त्या संसारावर घातलेलं पांघरूण. समलिंगी हा शब्द नाटकात कुठं उच्चारावा लागत नाही. बर्वेचे हाल पाहताना हसू येतं आणि लगेच त्या हसण्याची लाज वाटते. ‘मोरूची मावशी’चा प्रेक्षक इथं कात्रीत सापडतो.

दोनच वर्षांनी, १९८१ साली, विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ आलं. दिग्दर्शन विनय आपट्यांचं, सुमित्रा रोहिणी हट्टंगडी. कॉलेजच्या नाटकात सुमित्रा, म्हणजेच मित्रा, पुरुषाची भूमिका करते आणि नायिका झालेल्या नमाच्या प्रेमात पडते. साठ वर्षांपूर्वीच्या ‘मानापमान’चा आरसा उलटा धरावा तसं हे. तिथं पुरुषानं बाईचा वेश घेतला आणि पडदा पडला की सगळे आपापल्या घरी गेले. इथं बाईनं पुरुषाचा वेश घेतला, पडदा पडला, आणि वेश उतरवल्यावरही प्रेम उतरलं नाही. मग जे व्हायचं ते होतं: नमा दोन दगडांवर पाय ठेवते, तिचा मित्र मन्या दळवी गुरासारखा वागतो, कॉलेज कुजबुजतं, आणि मित्रा आत्महत्या करते. शेवटी मरणारी समलिंगी नायिका हा साच्यातला शेवट म्हणून आज या नाटकाला नावं ठेवता येतील. ठेवावीतही. पण ही गोष्ट सांगतं कोण, तिकडे माझं लक्ष जातं. सांगतो बापू. जरा घाबरट, सरळमार्गी मुलगा, जो मित्रावर जीव लावून बसतो आणि तिच्या प्रेमासाठी आपली खोली देतो. मित्राच्या मनात काय होतं ते आपल्याला बापूच्या तोंडून कळतं, बापूला समजलं तेवढंच.

चेतन दातार दादरच्या छबिलदास शाळेतून वाढलेल्या ‘आविष्कार’च्या परंपरेतले. त्यांचं ‘एक माधवबाग’ गिरगावातल्या माधवबागेचा पत्ता नावातच घेऊन येतं. मुलाची डायरी आईच्या हाती लागते आणि तो समलिंगी आहे हे तिला कळतं. रंगमंचावर आई एकटी. मोना आंबेगावकरांनी हे हिंदीत केलं, अलीकडे मुक्ता बर्वेंनी मराठीत. मुलगा दिसत नाही. त्याचे शब्द आईच्या आवाजातून येतात, आणि वाचता वाचता ती जिथं अडखळते तिथं नाटक घडतं. गिरगावातल्या चाळीत वाढलेल्याला हे निराळं सांगावं लागत नाही: कॉमन गॅलरी, पातळ भिंती, कपाटाला कुलूप लावलं तर ‘कुलूप कशाला?’ हा प्रश्न आधी. तिथं गुपित ज्याचं असतं त्याच्याकडे ते फार दिवस राहत नाही. आधी शेजारी, मग आई, सगळ्यात शेवटी तो स्वतः.

म्हणजे बापू, माधवबागेतली आई, आणि नमनातली मावशी. आपल्याकडे ही गोष्ट पुन्हा पुन्हा बाजूला बसलेल्या माणसानं सांगितली आहे. ज्याच्यावर बेतली त्याला बोलायला उशिरा मिळालं. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ २००६ साली गिरगावच्या खटाववाडीतल्या मौज प्रकाशन गृहानं काढली तेव्हा तनय स्वतः बोलला, घरात राहायला आलेल्या तरुणाला उद्देशून. पण त्याच तरुणावर जीव जडलेली बहीण अनुजा दुसऱ्या भागात आपल्या परीनं तीच गोष्ट सांगते, आणि ज्याच्यावर दोघांनी प्रेम केलं तो निनावी पाहुणा संपूर्ण कादंबरीत आपली बाजू मांडत नाही. पुण्याच्या बिंदुमाधव खिरे यांनी ‘पार्टनर’सारखी पुस्तकं लिहून आडपडदा काढला, त्या लेखनाचं मोल वेगळं आहे, आणि ज्याला आपली गोष्ट कुणाच्या मध्यस्थीशिवाय वाचायची आहे त्यानं तिकडे आधी जावं.

फॅनफिक्शन हेही बाजूला बसलेल्यांचंच लेखन. कर्क आणि स्पॉकवर लिहिणारी बाई ना कर्क होती ना स्पॉक. इथं एक रास्त तक्रार ऐकू येते, खुद्द समलिंगी पुरुषांकडूनही: आमचं आयुष्य म्हणजे तुमच्या विरंगुळ्याचं सामान आहे का? तक्रारीत तथ्य आहे. अशा पुष्कळ कथांत दोन पुरुषांना घरभाडं भरायचं नसतं, आईचा फोन येत नाही, पोलीस विचारत नाहीत. दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९चा निकाल, सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली तो फिरवणं, मग ६ सप्टेंबर २०१८ला कलम ३७७चा विळखा सुटणं, या मधल्या वर्षांत मुंबईत लोकांनी काय भोगलं ते त्या कथांच्या गावीही नसतं. २००८ साली ऑगस्ट क्रांती मैदानापासून गिरगाव चौपाटीपर्यंत पहिला क्विअर आझादी मोर्चा गेला तेव्हा कित्येकांनी तोंडावर मुखवटे घातले होते, ते हौसेनं नव्हे. बाजूला बसून लिहिणाऱ्यानं एवढं तरी माहीत करून घ्यावं.

पण तक्रार मान्य करूनही मी बाजूला बसलेल्याला उठवणार नाही. बापू नसता तर मित्रा रंगमंचावर आलीच नसती. आणि बाजूला बसून लिहिणाऱ्या कित्येकजणी, कित्येकजण, लिहिता लिहिता बाजू सोडून आत आले आहेत. दोन परक्या पुरुषांची गोष्ट लिहिताना स्वतःबद्दल काय ते कळलं, असं सांगणारे जगभर भेटतात. टोपणनाव आणि उसनी पात्रं हे त्यांचं आडवस्त्र. २०१९ साली चाहत्यांनीच चालवलेल्या ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या कथांच्या कोठाराला विज्ञानकथांचा मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, तेव्हा असल्या लाखो टोपणनावांना एकदम मान मिळाला.

दोन बायकांच्या कथा मात्र या सगळ्या पसाऱ्यात कमीच. लिहिणाऱ्या बहुसंख्य बायका, तरी कमी. मराठीतही मित्रा बराच काळ जवळजवळ एकटीच उभी होती. १९८२च्या ‘उंबरठा’ सिनेमात सुधारगृहातल्या दोन बायकांचा प्रसंग येतो तो व्यवस्थापिकेपुढची एक अडचण म्हणून. याचं एक कारण मघाशी आलंच: मुळात पडद्यावर दोन भरीव बायका समोरासमोर येतात किती वेळा? सासू-सून म्हणून येतात. दुसरं कारण मला जास्त छळतं. दोन बायकांवर लिहिताना लिहिणारीला आडोसा उरत नाही. ‘हे माझं नाही’ म्हणायची सोय दोन पुरुषांच्या कथेत होती, ती जाते.

एका बाबतीत मी हटवादी आहे. भामिनी-धैर्यधरावर, धनंजय-पार्वतीवर, जावडेकर-बावडेकरांवर खुशाल लिहा. ती पात्रं आहेत, आणि पात्रं लिहिणाऱ्यानं जगात सोडली की त्यांच्या मागे जाण्याचा हक्क वाचकाला आहे. पण नारायणराव राजहंस आणि केशवराव भोसले ही माणसं होती. खऱ्या माणसांच्या जोड्या लावणारं लेखन जगभर होतं, आज पडद्यावर असलेल्या नटांबद्दल तर ढिगानं. बालगंधर्वांच्या खासगी आयुष्याबद्दल महाराष्ट्रानं आधीच नको तितक्या चकाट्या पिटल्या आहेत. त्यात कल्पित कथेची भर घालून ती मुक्तीच्या खात्यात जमा करणं मला मंजूर नाही.

राहता राहिलं गिरणगाव, आणि इथं हात रिकामा आहे. लालबाग-परळच्या चाळींतले गाळे म्हणजे एका गावच्या पंधरा-वीस-तीस पुरुषांची एक खोली. पाळीनुसार झोपणं, एक उठून कामावर गेला की त्याच जागी दुसरा आडवा. जेवण खाणावळीत, बायको गावी, पगाराची मनीऑर्डर महिन्याला. अण्णाभाऊ साठ्यांच्या ‘माझी मैना’नं हा विरह मैदानं भरभरून गायला: शाहीर पुरुष, ऐकणारे बहुतांशी पुरुष, आणि गावाकडे राहिलेली बाई. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर काय झालं ते जयंत पवारांच्या ‘अधांतर’नं दाखवलं, पण ते कुटुंबाचं नाटक आहे. त्या फक्त पुरुषांच्या खोल्यांमध्ये माणसांनी एकमेकांची दुखणी काढली, एकमेकांची पत्रं वाचून दाखवली, एकमेकांच्या मयताला गावापर्यंत सोबत केली. साहित्य त्या नात्यापाशी आलं की ‘गाववाले’ म्हणून पुढे सरकतं. तिथं प्रेमकथा होत्याच असा माझा दावा नाही. विचारून पाहायला मात्र हरकत नव्हती.

‘अधांतर’मधल्या धुरींच्या घरातल्या एखाद्या मुलाला उसना घेऊन, किंवा त्यांच्या बापाच्या तरुणपणीच्या गाळ्यात शिरून, कुणीतरी हे लिहील अशी मला आशा आहे. लिहिणाऱ्यानं दोन गोष्टी आधी पक्क्या कराव्यात: पहिली पाळी सुटल्याचा भोंगा किती वाजता व्हायचा, आणि खाणावळीचा हिशेब आठवड्याला द्यायचा की पगाराला. प्रेमाबद्दल लालबागचा वाचक कदाचित वाद घालणार नाही, पण या दोन्हींत चूक सापडली तर तो पुस्तक तिथंच मिटेल.